पिंपरीची दोन वलये

पिंपरीत वाढलेल्या आमच्या पिढीला ‘पेनिसिलिन’ हा शब्द पाठ्यपुस्तकाच्या आधी घरात भेटला. १९५४ साली स्थापन झालेला, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने उभा राहिलेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना ही गावाची ओळखच होती. माझ्या ताईला लहानपणी रुमॅटिक ताप आला आणि हृदयाच्या झडपा जपण्यासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू झाले. कंपाउंडर कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी सोडी, कुपी हलवी आणि लगेच सुई टोची. ‘आधीच का कालवून ठेवत नाही?’ असे मी विचारले की उत्तर मिळे, ‘टिकत नाही.’

या ‘टिकत नाही’चा अर्थ फार उशिरा कळला. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये कागदावर बेंझिलपेनिसिलिनचा रेणू काढून दाखवला. त्याच्या एका टोकाला बेंझिनचे षट्कोनी वलय असते. त्यातले सहा इलेक्ट्रॉन कोणा एका कार्बनचे नसतात, ते साऱ्या वलयाचे असतात. म्हणून ते वलय सहजी मोडत नाही. ॲरोमॅटिक स्थैर्य म्हणतात ते हेच. मध्यभागी मात्र चार अणूंचे, चौकोनी बीटा-लॅक्टम वलय असते. त्यातले बंध नव्वद अंशांच्या आसपास वाकवलेले, म्हणून सतत ताणलेले. पाण्यातही ते हळूहळू उघडते. जिवाणूची भिंत सांधणाऱ्या विकराशी गाठ पडताच ते उघडते, त्याला कायमचे चिकटते आणि भिंतीचे काम थांबवते. म्हणजे औषधाचा गुण त्या वलयाच्या मोडण्यात आहे.

हे ऐकून मी अस्वस्थ झालो. गेली वीस वर्षे मी वर्गात ‘टिकते ते श्रेष्ठ’ हेच शिकवत आलो आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर तर हा निकष अधिकच उच्चरवाने मांडला. मग कारखान्याच्या फाटकावर एका संपापुरती रचलेली आणि संपाबरोबर विरून गेलेली गाणी? ती मी अभ्यासक्रमात कधी आणली नाहीत. नेमक्या वेळी उघडून, आपले काम करून संपणे ही त्यांची उणीव मी मानली.

सहकाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. बेंझिनचे वलय असलेली बाजूची साखळी काढून टाकली, तर उरलेल्या रेणूची मारकशक्ती अगदी क्षीण होते. तेव्हा स्थिर वलयाला कमी लेखण्याचेही कारण नाही. प्रश्न एवढाच की, आपल्या समीक्षेने आजवर एकाच वलयाचे मोजमाप केले.

ताईने परवा पन्नाशी ओलांडली. तिच्या झडपा शाबूत आहेत. त्या शेकडो कुप्यांतले आज काहीही शिल्लक नाही.