भुलीच्या माथी

प्रोपोफॉल हे भुलीचं इंजेक्शन आज माणसांच्या ऑपरेशन थिएटरात सर्रास वापरतात, पण ते शोधलं एका पशुवैद्यानं. आम्हा जनावरांच्या डॉक्टरांना याचा जरा जास्तच अभिमान आहे. जॉन ग्लेन त्यांचं नाव. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत त्यांनी हा रेणू हेरला, आणि 2018 साली त्यासाठी त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. द्रव्य पाण्यात विरघळेना, म्हणून ते सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये घोळवलं. त्यामुळेच ते दुधाळ दिसतं.

मला त्यात रस आहे तो आणखी एका कारणानं. प्रोपोफॉल हे फिनॉल आहे, रचनेनं व्हिटॅमिन ईच्या नात्यातलं. शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना त्यातला थोडा एक इलेक्ट्रॉन जास्तीचा घेऊन सुपरऑक्साइड होऊन बसतो. त्यातून पुढे जे फ्री रॅडिकल्स तयार होतात, ते पेशींच्या पडद्यातल्या स्निग्धावर तुटून पडतात. बरणीतलं तेल खवट होतं तशातलाच हा प्रकार. त्यातून निघणारं मॅलॉनडायअल्डिहाइड मोजून त्याचा माग काढतात. प्रोपोफॉल हे फ्री रॅडिकल्स स्वतःवर झेलतं, निदान परीक्षानळीत तरी. गंमत म्हणजे ज्या तेलात ते घोळवलेलं असतं, ते तेल स्वतःच खवटायला टपलेलं!

‘मग हुंगवून द्यायचं आयसोफ्लुरेन वाईट आणि प्रोपोफॉल चांगलं, असंच ना सर?’ भुलीच्या या दोन औषधांबद्दल इंटर्न विचारतात. इतकं सरळ असतं तर काय हवं होतं? आयसोफ्लुरेन आम्ही जवळपास शुद्ध ऑक्सिजनमधून देतो, आणि हवेत तर तो 21 टक्केच. नुसत्या प्रोपोफॉलवर झोपलेला कुत्रा कित्येकदा साधी हवाच घेत असतो. मग रक्तात मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेलं दिसतं, ते आयसोफ्लुरेनमुळे की ऑक्सिजनमुळे? त्यात पोट उघडलेलं, आतडी हाताळलेली. पायोमेट्राच्या कुत्रीचं तर गर्भाशयच पुवानं भरलेलं असतं, आणि पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच फ्री रॅडिकल्स वापरतात. ती टेबलावर येते तेव्हाच तिचा तोल गेलेला असतो. सगळं खापर भुलीच्या माथी फोडणं मला पटत नाही.

त्यामुळे माझं लक्ष औषधाच्या नावापेक्षा ते देणाऱ्या हाताकडे जास्त असतं. आधी शांत करणारं इंजेक्शन दिलेलं नसेल तर प्रोपोफॉल किलोला 6 मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, दिलं असेल तर बरंच कमी. पण घाईनं ढकललं की कुत्रा श्वासच घेईनासा होतो. म्हणून थोडं द्यायचं, थांबायचं, बघायचं. जबडा सैलावतो, बुबुळ खाली सरकतं, पापणीच्या कोपऱ्याला बोट लावलं तरी डोळा मिटत नाही. मग जीभ पुढे ओढून ट्यूब सरकवायची आणि हिरडीचा रंग बघायचा. गावठी कुत्र्याच्या हिरड्या काळ्या असल्या तर पापणी उलटून आतली गुलाबी बाजू बघावी लागते, हे पुस्तकापेक्षा टेबलावरच लवकर कळतं.

पोटाला पीळ पडलेला ग्रेट डेन येतो, तेव्हा मात्र या फ्री रॅडिकल्सची खरी दहशत वाटते. पीळ असेपर्यंत जठराला रक्त नाही. पीळ सोडवला की रक्त धावत येतं, सोबत ऑक्सिजन आणतं, आणि उपाशी पेशींत फ्री रॅडिकल्सचा लोंढा सुटतो. सुटकेच्याच घटकेला इजा! म्हणून पीळ सोडवायच्या आधीच आम्ही लिग्नोकेनची ड्रिप लावून ठेवतो. ते हृदयाचे ठोकेही ताळ्यावर ठेवतं.

नसबंदी करून नेलेल्या कुत्रीच्या आजींनी परवा फोन केला. “हिला व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल देऊ का हो डॉक्टर?”

“द्यायची घाई नको, आजी. दुखण्याचं औषध मात्र एकही वेळ चुकवू नका. दुखत राहिलं की सगळ्या अंगावर ताण येतो.”

“अहो, पण ती थुंकून टाकते!”

मग पेढ्यात लपवावं की पोळीत, यावर आमची बरीच चर्चा झाली. पेढ्याला मी नाही म्हटलं. शेवटी पोळीला तूप लावून द्यायचं ठरलं, तेही थोडंच.