पाण्याला पाठ

केळशीला आमच्या आजीचा एक नियम होता. पाण्याला पाठ दाखवायची नाही. पुळणीवर खेळा, वाळूची घरं बांधा, पण तोंड समुद्राकडे हवं. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा काका, एका श्रावणात पोहायला गेला तो परत आलाच नाही. मी तेव्हा चार वर्षांची होते. पुढे कॉलेजला पुण्याला जाईपर्यंत समुद्राच्या शेजारी राहूनही मी कधी घोट्यापेक्षा खोल पाण्यात गेले नाही.

त्यामुळे लेकीने स्प्रिंग ब्रेकमध्ये ‘‘आई, कोस्टा रिकाला सर्फिंगला येतेस?’’ असं विचारलं, तेव्हा ह्यूस्टनच्या स्वयंपाकघरात माझी तव्यावरची पोळी करपली. तरी हो म्हटलं. ती एकटी गेली असती तर मला घरी बसून काय झोप लागणार होती?

तामारिंदोला तीन दिवस शिकवणी झाली. माझा मास्तर लेकीपेक्षा थोडाच मोठा. गुडघाभर फेसात तो मागून बोर्ड ढकलायचा आणि मी पोटावर घसरत किनाऱ्याला लागायचे. चौथ्या दिवशी लेकीच्या स्वप्नातल्या जागी निघालो. सांता रोसा राष्ट्रीय उद्यानातला प्लाया नारांहो. कोको गावाहून बोटीने तासाभराचा रस्ता. मास्तरही बरोबर होता. 1971 साली हे उद्यान झालं, त्याआधी इथे गुरांची कुरणं होती. आता किनाऱ्यावर हॉटेल नाही, दुकान नाही, जीवरक्षक नाही. टेकड्यांवरचं रान निष्पर्ण, करडं दिसत होतं.

‘‘जळलंय का गं हे?’’ लेकीने विचारलं.

‘‘नाही गं, फाल्गुनात मंडणगडच्या बाजूचे डोंगर असेच दिसतात. एक पाऊस पडू दे, मग बघ.’’

किनाऱ्यासमोर समुद्रातून एक प्रचंड सुळका वर आलाय. रोका ब्रुहा, म्हणजे चेटकिणीचा खडक. 1994 च्या ‘द एंडलेस समर 2’ या चित्रपटापासून जगभरच्या सर्फर मंडळींना तो पाठ आहे. इथल्या लाटा वाळूच्या तळावर फुटतात आणि वाळू सरकली की फुटायची जागाही बदलते. पण खरी करामत वाऱ्याची. शाळेत आपण खारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतं? इथला पापागायोही मतलईसारखा जमिनीवरून समुद्राकडे जातो, पण रात्रीपुरता नाही. थंडीच्या महिन्यांत कॅरिबियनकडून येऊन, निकाराग्वाच्या मोठ्या सरोवराच्या सखल पट्ट्यातून तो दिवसच्या दिवस घोंघावतो. येणाऱ्या लाटेला तो समोरून थोपवून धरतो. त्यामुळे ती लगेच कोसळत नाही, गुळगुळीत भिंतीसारखी उभी राहते आणि माथ्यावरचे तुषार उलटे समुद्रात उडतात. वरचं कोमट पाणीही तो बाहेर ढकलतो, मग खालचं गार पाणी वर येतं. उष्ण कटिबंधात मी कुडकुडत होते ती त्यामुळे.

नाविकाने लाटा फुटतात त्याच्या बाहेर नांगर टाकला. बोटीतून लाटेची फक्त पाठ दिसते. लेक हातांनी पाणी मारत गेली, एक लाट उचलली गेली आणि ती पलीकडे नाहीशी झाली. मी आकडे मोजू लागले. अकराला तिचं डोकं दिसलं. पुन्हा लाट, पुन्हा आकडे. सहाव्या खेपेला मी मास्तराकडे बोर्ड मागितला. बोटीत बसून मोजण्यापेक्षा पाण्यात पडलेलं बरं.

तो मला कडेला, लहान लाटांकडे घेऊन गेला. आणि तिथे मला कळलं की लाट पकडायची तर तिच्याकडे पाठ करावी लागते. बोर्डाचं नाक किनाऱ्याकडे करायचं, खांद्यावरून एकदा मागे बघायचं, आणि मग बघायचं नाही, नुसते हात मारायचे. फेसात मास्तर मागे उभा असायचा, म्हणून हे ध्यानात आलं नव्हतं. मी दोन लाटा सोडल्या, तोंड त्यांच्याकडे करूनच. तिसरीला वळले. मागून आवाज वाढत आला, पायांकडून बोर्ड उचलला गेला आणि मी ओरडत सुटले ती थेट वाळूपर्यंत. उभी वगैरे राहिले नाही हं. पोटावरच.

किनाऱ्यावर लेक धावत आली. दोघी तिथेच बसलो. ‘‘नदीच्या मुखाकडे जाऊ नका, तिथे मगरी आहेत,’’ मास्तर म्हणाला. हे त्याने आधी सांगायला हवं होतं की नंतर सांगितलं तेच बरं झालं, यावर आमचं अजून एकमत नाही.

डोंगराआड शेजारी नान्सिते. पावसाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी एकाच वेळी अंडी घालायला येतात. परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. याच जातीची कासवं आमच्याकडे एकेकटी येतात. माझ्या लहानपणी त्यांची अंडी उकरून विकायचे, कोणाला काही वाटायचं नाही. आता वेळासला अंडी राखतात आणि मार्चमध्ये पिल्लं पुळणीवर सोडतात. ती नखाएवढी डोकी वर करून सरळ पाण्याकडे निघतात.

रात्री दादाला केळशीला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘आईला दाखवत नाही.’ पण दुसऱ्या दिवशी त्याने दाखवलाच. व्हिडिओ कॉलवर आईने चष्मा वर-खाली करत तो बराच वेळ पाहिला.

‘‘पाणी गार होतं का गं?’’ तिने विचारलं.

‘‘होतं गं.’’