आसनगावचा गंजवैद्य

माहुलीगडाचे सुळके न्याहाळीत आम्ही आसनगाव स्थानकाबाहेर आलों. मुंबई-आग्रा मार्गालगत एका पडवींत कुर्ल्यास घडलेली जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार सुटी करून मांडलेली होती. कारागिराचीं आयुधें घरगुतीच. बादलींत धुण्याच्या सोड्याचें पाणी. चार्जरचें ऋण टोक गंजल्या भागास, धन टोक भंगारांतील लोखंडी पट्टीस. रात्रभरांत गंज भुसभुशीत होऊन कुंचलीनें निघतो. बुडबुडे हायड्रोजनचे, सबब बादली उघड्यावर नि विडी दूर! पट्टी स्टेनलेसची नसावी. तिच्यांतील क्रोमियम विषारी होऊन पाण्यांत उतरतें. ॲल्युमिनियमचें सिलिंडर-हेड तर त्यांत बुडवूंच नये. क्षार तें खाऊन टाकतो. त्यास रॉकेल व काथ्याच बरा. पितळी नळ्या चिंचेच्या पाण्यानें लखलखत होत्या. ही विद्या मात्र आमच्या देवघरांतलीच.