जुहूच्या वाळूवरची निशाणे

भाऊबिजेला माझी आई जुहूला जात असे. तिचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामा, तिथे राहतात. आई जाऊन आता सहा वर्षे झाली; पण भाऊबीज आली की माझे पाय आपोआप पार्ल्याच्या स्टेशनाबाहेर जुहूच्या बसकडे वळतात. ओवाळायला कोणी नसते. मी आपला चकल्यांचा डबा घेऊन जातो. मामा तो उघडतात, एक चकली मोडून बघतात आणि "तुझ्या आईची चकली याहून खुसखुशीत असायची" एवढे म्हणून डबा मिटतात. हा आमचा उपचार आटोपला की आम्ही दोघे चौपाटीवर फिरायला निघतो.

जुहू म्हटले की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती भेळ, बर्फाचा गोळा आणि सिनेनटांचे बंगले. मामांना यातले काही दिसत नाही. त्यांना दिसतात ती निशाणे. याचे कारण असे की, मामा नौदलात सिग्नलमन होते. १९५९ साली भरती झाले आणि वीस वर्षे त्यांनी डोलकाठीखाली उभे राहून रंगीत कापडाच्या तुकड्यांनी जगाशी संभाषण केले. जहाजांच्या भाषेत प्रत्येक अक्षराला एक निशाण असते. निळ्या चौकटीत पांढरा चौकोन दिसला की समजावे, जहाज निघण्याच्या बेतात आहे, सगळ्यांनी परत यावे. नुसते पिवळे निशाण म्हणजे, आमच्या जहाजावर रोगराई नाही, बंदरात शिरू द्या. लहानपणी आम्ही भाचरे सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जात असू. मामीने पिवळे लुगडे सज्जात वाळत घातले की मामा गंभीर चेहरा करून सांगत, "घरात सगळे निरोगी आहेत. पाहुण्यांना आत यायला हरकत नाही."

त्यांच्याबरोबर वाळूत चालू लागले की आपल्यालाही निशाणे दिसू लागतात. जिथे पाण्याला ओढ आहे तिथे जीवरक्षकांनी लाल निशाण रोवलेले असते. कोळ्यांच्या होड्यांवर काठीला लहानमोठी फडकी फडफडत असतात. नारळी पौर्णिमेला तर एकेक होडी नवरीसारखी पताकांनी सजते. पलीकडे जुहूच्या विमानतळावर वाऱ्याने फुगणारी कापडी पिशवी आहे. वारा कुठून येतो हे वैमानिकाला सांगणारी. १९२८ साली सुरू झालेल्या या मैदानावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. मामा म्हणतात, "सगळ्यांत प्रामाणिक निशाण ते. कोणाच्याही बाजूचं नाही. वारा असेल तसं सांगतं."

मी पडलो मराठीचा मास्तर. निशाण म्हटले की मला आधी शब्द आठवतात. आपल्या भाषेत या एका वस्तूला किती नावे असावीत! ध्वज संस्कृतातला, देवळाच्या कळसावर शोभणारा. पताका वारकऱ्याच्या खांद्यावरची. निशाण फारसीतून आले. बावटा म्हटला की रेल्वेचा गार्ड आठवतो, नाहीतर गिरणगावातला लाल बावटा. झेंडा अटकेपार लागतो. आणि जुन्या मराठीत ढाल म्हणजे तलवारीचा वार अडवणारी तेवढीच नव्हे. सैन्याच्या मोठ्या निशाणालाही ढाल म्हणत. ते निशाण वाहून नेणारा हत्ती तो ढालगज. आज आपल्या बोलण्यात त्या बिचाऱ्या हत्तीमागे केवळ भवानी उरली आहे, तीही भांडकुदळ!

आता या जुहूवर कोणाकोणाची निशाणे आली आणि गेली ते पाहा. मुळात हे एक चिंचोळे बेट. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याला लागून वर आलेला वाळूचा बांधच म्हणा ना. ओहोटीच्या वेळी लोक पाण्यातून चालत पलीकडे जात. अशा वाळवंटावर निशाण रोवायची हौस कोणाला असणार? पण साष्टी ज्याची त्याचे जुहू, असा सरळ हिशेब होता. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. ते या गावाला 'जुवें' म्हणत. त्यांचे त्या काळचे निशाण पांढरे. मध्ये राजाची ढाल आणि त्या ढालीत आणखी पाच लहान ढाली.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, साष्टीत पाय रोवला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. तहात पोर्तुगीजांना हत्यारांसह, वाजतगाजत आणि निशाणे फडकावीत बाहेर पडण्याची मुभा होती. इतकी माणसे गमावून मिळवलेला विजय. तरी हरलेल्याचे निशाण त्याच्या हातून हिसकावून घेतले नाही. मला या कलमाचे नेहमीच नवल वाटते. त्या मुलखातल्या चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी आणल्या, आणि त्या अजून नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीला, भीमाशंकरला टांगलेल्या आहेत. पितळ राहिले, कापड गेले. पेशवाईतला जो जरीपटका, सोनेरी जरीचा, सेनापतीच्या मानाचा, त्याच्याविषयी आपण किती अभिमानाने बोलतो! पण निशाणाच्या नशिबी ऊन, वारा आणि पाऊस असतो. ते फाटण्यासाठीच जन्माला येते.

१७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्याकडे गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. आता आले कंपनी सरकारचे निशाण. तांबडे-पांढरे आडवे पट्टे आणि कोपऱ्यात इंग्लंडचे चिन्ह. गंमत अशी की, अमेरिकेतल्या वसाहतींनी याच इंग्रजांविरुद्ध बंड केले तेव्हा त्यांनी उभारलेले पहिले निशाणही जवळजवळ हुबेहूब असेच होते. खुद्द पुण्यात ही वेळ यायला अजून पस्तीस वर्षे होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित पडले, आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते चढवणारा हात बाळाजीपंत नातूंचा, म्हणजे आपलाच होता. १८५८ नंतर कंपनी गेली आणि राणीचा युनियन जॅक आला.

तो उतरायला नव्वद वर्षे लागली, आणि त्या कथेतही जुहूचा वाटा आहे. १९२४ च्या फेब्रुवारीत गांधीजी येरवड्याहून सुटले ते शस्त्रक्रियेने खंगलेले. विश्रांतीसाठी ते आले जुहूला. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी त्यांची बोलणी झाली ती इथेच. पुढे १९४४ च्या मे महिन्यात आगाखान महालातून सुटल्यावरही, कस्तुरबांना मागे ठेवून, ते पुन्हा याच वाळूवर आले. नाटकवेडे लोक ज्या जानकी-कुटीरच्या आवारात पृथ्वी थिएटरला जातात, त्याला नाव आहे जमनालाल बजाजांच्या पत्नीचे. आणि जमनालाल म्हणजे १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचे पुढारी. तिरंगा हातात घेऊन गोऱ्यांच्या वस्तीतून, सिव्हिल लाइन्समधून, चालत जायचे एवढाच तो गुन्हा. १ मेपासून १८ ऑगस्टपर्यंत रोज माणसे झेंडा घेऊन निघत आणि तुरुंगात जात. जमनालालांना पकडले तेव्हा वल्लभभाई पुढे आले. त्या वेळचा झेंडाही आजचा नव्हे. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा आणि वर चरखा. १९३१ साली केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरला. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेतले. चरखा गेल्याचे गांधीजींना वाईट वाटले आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले. स्वतःच्याच झेंड्यावर रुसण्याचा हक्क त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला असणार?

हे सगळे सांगण्याचे कारण वेगळेच आहे. ते सांगायला मला थोडे जड जाते.

नौदलाचे स्वतःचे एक निशाण असते. युनियन जॅकच्या काळी ते पांढऱ्यावर सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस असे होते. २६ जानेवारी १९५० रोजी त्याच्या कोपऱ्यातला युनियन जॅक जाऊन तिरंगा आला, क्रूस राहिला. २००१ च्या १५ ऑगस्टला क्रूस काढून निळे बोधचिन्ह घातले. पण ते निळे चिन्ह समुद्राच्या आणि आभाळाच्या निळाईत लांबून ओळखू येईना. म्हणून २००४ साली क्रूस परत आला, मध्यभागी अशोकस्तंभ घेऊन. शेवटी २ सप्टेंबर २०२२ रोजी, कोचीला विक्रांत जहाज नौदलात दाखल झाले त्या समारंभात, नवे निशाण फडकले. त्यावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आहे.

माझा ऊर भरून आला. ज्यांनी या कोकणपट्टीवर आरमार बांधले, त्यांची मुद्रा साडेतीनशे वर्षांनी आरमारावर आली! त्या भरात मी आमच्या कॉलेजच्या वार्षिकासाठी एक लेख लिहिला. त्यात एक वाक्य होते. मला ते फार आवडले होते. 'बहात्तर वर्षे आमचे खलाशी गुलामीच्या चिंधीला सलाम करीत होते.' विद्यार्थ्यांनी टाळ्या दिल्या. त्या भाऊबिजेला तो अंक मी चकल्यांच्या डब्याबरोबर मामांकडे घेऊन गेलो.

मामांना आता बारीक अक्षर दिसत नाही. "वाच," म्हणाले. मी वाचले. त्या वाक्यापाशी आवाज जरा चढवला. मामा काही बोलले नाहीत. लेख संपल्यावर म्हणाले, "चल, फिरून येऊ."

वाळूवर बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "नवं निशाण चांगलं आहे. टीव्हीवर बघितलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. महाराजांची मुद्रा आहे, आणि लांबून दिसते. सिग्नलमनला आणखी काय पाहिजे? ते दोन हजार एकचं दिसायचंच नाही." पुढे थोडे थांबून, "खुकरीवर माझा दोस्त होता. सिग्नलमनच. भरतीला आम्ही बरोबर होतो. माझी शिट्टी हरवली तर तो आपली द्यायचा."

९ डिसेंबर १९७१. दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी बुडवली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. हे मी पाठ्यपुस्तकासारखे जाणत होतो. मामांचा त्यात कोणी होता, हे मला पन्नास वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते.

"त्याच्या डोक्यावर तेव्हा तेच कापड होतं," मामा म्हणाले. "क्रूसवालं. बदलायला हवं होतं, बदललं, उत्तम झालं. पण चिंधी म्हणू नकोस रे."

एवढेच. रागावले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री घरी येऊन मी काही वाचत बसलो होतो. व्हिएतनाममध्ये ह्यू नावाचे जुने राजनगर आहे. तिथे बादशाही कोटाच्या दारावर १८०७ साली बांधलेला एक प्रचंड ध्वजबुरूज आहे. या नगरीवर एका माणसाच्या हयातीत किती निशाणे फडकली! राजाचा पिवळा ध्वज. ३० ऑगस्ट १९४५ रोजी बादशहा बाओ दाईने गादी सोडली तेव्हा चढलेला तांबडा, पिवळ्या चांदणीचा. मग १९४८ पासून पिवळ्यावर तीन तांबड्या पट्ट्यांचा. १९६८ च्या टेट सणातल्या हल्ल्यात तीनेक आठवडे बंडखोरांचा तांबडा-निळा. आणि १९७६ पासून पुन्हा चांदणीचा. पिवळा तीन पट्ट्यांचा झेंडा त्या देशात आता फडकत नाही. पण अमेरिकेत जाऊन राहिलेली कित्येक व्हिएतनामी कुटुंबे तो अजून जपतात. जिंकलेल्यांच्या लेखी ती हरलेल्या राज्याची निशाणी. त्यांच्या लेखी ते ज्याखाली बाप पडला ते कापड. दोघांनाही खोटे कसे म्हणावे? मला वसईच्या तहातले ते कलम आठवले. चिमाजीअप्पांना हे ठाऊक होते, मराठीच्या एम.ए.ला ठाऊक नव्हते.

पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापायला दिली. दोन ओळींची होती. कोणी वाचली असेल असे वाटत नाही. मामांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी "हं" म्हटले आणि चकलीचा दुसरा तुकडा तोंडात टाकला. त्या वर्षी पहिल्यांदाच दुसरा.

गेल्या भाऊबिजेला आम्ही वाळूवर गेलो तेव्हा सूर्य टेकत आला होता. गर्दी पाठ फिरवून फोटो काढून घेत होती. मामा अचानक थांबले. चौऱ्याऐंशी वर्षांचे पाय एकमेकांना जुळले, हात बाजूला सरळ झाले. मी इकडेतिकडे पाहिले. कुठेही झेंडा नव्हता. जहाजावर सूर्य मावळताना निशाण उतरवतात, त्या वेळी सगळे जिथल्या तिथे उभे राहतात, हे मला माहीत होते. मीही उभा राहिलो. पाण्याच्या कडेला जीवरक्षकाने दिवसभर रोवलेले लाल निशाण उपटले, काठीला गुंडाळले आणि खांद्यावर टाकून तो घरी निघाला.

"चल," मामा म्हणाले. "कंदील लावायचा राहिलाय."