साडेपाच तासांचे अंतर

संगणकाच्या पोटात तारीख नसते, असतो एक आकडा. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र झाली, तेव्हापासून किती सेकंद उलटले एवढेच युनिक्सच्या घराण्यातली यंत्रे मोजतात. त्या मोजणीला वार नाही, महिना नाही, सणवार नाही. उदाहरणार्थ, बंगळूरच्या मेट्रोचा बैयप्पनहळ्ळी ते कृष्णराजपुरा हा राहिलेला तुकडा ९ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झाला आणि शहराचा महादेवपुरा हा भाग रुळांवरून थेट शहराच्या मध्याशी जोडला गेला. त्या दिवशीचे पहाटेचे पाच यंत्राच्या लेखी १६९६८०७८००. हा आकडा पाहून कोणाला उजाडल्याची जाणीव होणार नाही. तो माणसाला वाचता येईल असा लिहून देण्याचे काम प्रोग्रॅममधल्या किंवा टेम्प्लेटमधल्या चार-सहा अक्षरांच्या साच्याकडे असते.

हा आकडा हरवला की त्याच्या जागी बहुधा शून्य येते, आणि भारतातल्या पडद्यावर शून्याचा अर्थ १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. महादेवपुऱ्यातल्या आउटर रिंग रोडवरच्या कचेऱ्यांमध्ये काम करणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमरला ही पहाट ओळखीची असते. तेच शून्य कॅलिफोर्नियात ३१ डिसेंबर १९६९ ची दुपार दाखवते. मोजमापाचे एकक चुकले तरी अशीच गफलत होते. जावास्क्रिप्ट मिलिसेकंद मोजते. तिला सेकंदांचा आकडा दिला, तर मेट्रोची ती पहाट २० जानेवारी १९७० ची रात्र होऊन बसते.

खरी काळजी घ्यावी लागते ती या साडेपाच तासांची. सर्व्हरवरची वेळ सहसा यूटीसीत ठेवतात आणि भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी आदल्याच दिवसाची तारीख चालू असते. एखाद्या दुकानाच्या ऑनलाइन बिलावर १ एप्रिलच्या पहाटे दोनची वेळ असेल, तर यूटीसीत ती ३१ मार्चच्या रात्रीचे साडेआठ होते. साच्याने वेळ भारतात न आणताच तारीख छापली, तर बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडते. उलट बाजूनेही हेच घडते. फॉर्ममध्ये जन्मतारीख निवडली की पुष्कळदा ब्राउझरमधला प्रोग्रॅम तिला भारतातली मध्यरात्र समजतो आणि यूटीसीत बदलून आदल्या दिवसाचे १८:३० सर्व्हरकडे पाठवतो. पुढे कोणी त्यातली फक्त तारीख उचलली, की बाळाचा जन्म एक दिवस आधी नोंदला जातो. इथे उपाय साच्यात नाही, समजुतीत आहे. बिलाची वेळ हा एक क्षण आहे. तो यूटीसीत साठवावा आणि छापताना, अगदी शेवटी, वाचणाऱ्याच्या वेळेत आणावा. जन्मतारीख मात्र क्षण नाही, ती दिनदर्शिकेतली एक चौकट आहे. तिला वेळ आणि टाइमझोन चिकटवूच नयेत.

भारताच्या टाइमझोनचे नाव जगभरच्या प्रणालींत एशिया/कोलकाता असे आहे. महादेवपुऱ्यातला सर्व्हर असो की पुण्यातला, त्याला हेच नाव सांगावे लागते. या नावामागे नुसता साडेपाचाचा आकडा नाही, इतिहास साठवलेला आहे. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्याच्या लगेच आधीच्या तारखेसाठी हा झोन विचारला, तर उत्तर ५ तास २१ मिनिटे १० सेकंद असे येते. ती रेल्वेने देशभर वापरलेली मद्रासची वेळ. मुंबईने मात्र स्वतःची, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालणारी वेळ शहरात १९५५ पर्यंत जपली. तिला टाइमझोनच्या यादीत वेगळी जागा मिळालेली नाही, आणि जुन्या मुंबईची कागदपत्रे संगणकावर आणणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. खुद्द महादेवपुऱ्यातही सूर्य घड्याळाशी पुरता जुळत नाही. तिथली माध्यान्ह सरासरीने बारा वाजून एकोणीस मिनिटांच्या सुमारास होते.

आता साच्याची अक्षरे. सी भाषेतल्या आणि तिच्यावरून पायथन-रुबीत आलेल्या साच्यात टक्क्याच्या खुणेनंतरचा छोटा एम म्हणजे महिना आणि मोठा एम म्हणजे मिनिटे. जावात नेमके उलटे: मोठा एम महिना, छोटा एम मिनिटे. पीएचपी आणि जँगोच्या टेम्प्लेटांत एम महिन्याच्या कामी लागला, म्हणून मिनिटांसाठी आय घ्यावा लागतो. अक्षर एकच, पण घर बदलले की काम बदलते. जावात महिन्याच्या जागी चुकून छोटा एम पडला, तर मेट्रोच्या त्या पहाटेची तारीख २०२३-००-०९ अशी छापली जाते आणि शून्य महिना पाहून चूक लगेच सापडते. पण तोच साचा पाच वाजून दहा मिनिटांनी चालवला, तर महिन्याच्या जागी १० येते. महिनाही ऑक्टोबरच असल्याने चूक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बरोबर दिसते. अशी चूक महिनोन्महिने लपून राहू शकते. जावातला मोठा डी महिन्यातला दिवस न देता वर्षातला दिवस देतो, म्हणजे ९ ऑक्टोबरला २८२. मोठा वाय तर आठवड्यांच्या हिशेबाने वर्ष ठरवतो. सोमवारी आठवडा सुरू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत २९ डिसेंबर २०२५ पासून २०२६ चा पहिला आठवडा लागतो, म्हणून त्या दिवशीच्या कागदावर हा साचा २०२६ छापतो. वर्षातले मोजकेच दिवस दगा देणारे अक्षर रोज दगा देणाऱ्यापेक्षा घातक, कारण चाचणी सहसा त्या दिवसांत होत नाही.

गो या भाषेने अक्षरेच टाळली. तिथे २ जानेवारी २००६, दुपारचे ३ वाजून ४ मिनिटे ५ सेकंद हा एक ठरलेला क्षण हव्या त्या रूपात लिहून दाखवायचा. बाकीच्या वेळा त्या नमुन्यासारख्या छापल्या जातात. कल्पना सुंदर आहे, पण तिचा क्रम महिना आधी मानणाऱ्या अमेरिकेचा आहे. ०१/०२ पाहून भारतीय डोळा १ फेब्रुवारी वाचतो. मेट्रोची ०९/१०/२०२३ ही तारीख अमेरिकेत १० सप्टेंबर ठरते. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलताना म्हणूनच वर्ष-महिना-दिवस हा १९८८ च्या आयएसओ ८६०१ मानकाचा क्रम पाळावा. माणसासाठी लिहिताना महिन्याचे नाव अक्षरी असावे; जागा थोडी जास्त जाते, शंका मात्र उरत नाही.

मराठी वाचकासाठी लिहायचे असेल, तर युनिकोडच्या भाषावार माहितीत बरीच तयारी झालेली आहे. लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड, मराठी ठेवले की महिने आणि वार मराठीत येतात, ‘रोजी’ आणि ‘वाजता’ जागच्या जागी बसतात, पहाट, सकाळ, दुपार असे दिवसाचे भाग मोठ्या बी या अक्षराने मागता येतात. अंकही आपसूक देवनागरी होतात. हिंदी आणि कन्नडच्या बाबतीत ठरावीक मांडणी अशी नाही, म्हणून तिन्ही भाषांची पाने चालवणाऱ्या टेम्प्लेटमध्ये फक्त मराठीचे अंक बदललेले दिसतात. हे अंक वाचकासाठी आहेत, साठवणीसाठी नाहीत: पायथन ‘२५’ ला पंचवीस समजून घेते, जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही.

युनिकोडच्या त्याच माहितीत भारताची राष्ट्रीय दिनदर्शिकाही आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून ती २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ ला अमलात आली. ती सौर असल्याने तिचे गणित सोपे आहे आणि ९ ऑक्टोबर २०२३ ला ती १७ आश्विन १९४५ दाखवते. भिंतीवरच्या पंचांगात मात्र तेव्हा भाद्रपद वद्य पक्ष चालू होता. चांद्र तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यात बारा अंशांचे अंतर वाढेपर्यंत टिकते. कधी एकोणीस-वीस तास, कधी सव्वीस तास. म्हणून तारखेत एक मिळवून तिथी पुढे नेता येत नाही, आणि कोणताही साचा ती अक्षरांवरून काढू शकत नाही. खगोलगणित करून तिची सुरुवात आणि शेवट क्षण म्हणून साठवावे लागतात. सूर्योदयाची तिथी दिवसाला द्यायची, तर गावाचे अक्षांश-रेखांशही जोडावे लागतात. त्या सोमवारी महादेवपुऱ्यात सूर्योदयाला दशमी होती, दुपारी एकादशी लागली.