एकतीस मे

३१ मेला सरकारी कचेऱ्यांतून निरोप घेणाऱ्यांची रांग लागते, आणि ती का लागते हे तुम्हालाही ठाऊक आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी सरळ १ जून लिहून मोकळे होत, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीच निवृत्त व्हायचा, असा नियम. आमचे अण्णा आजीच्या हिशेबाने श्रावणातले, नागपंचमीच्या आगेमागे जन्मलेले. पण दप्तरी ते १ जूनचे, त्यामुळे त्यांची अठ्ठावन्न वर्षं भरली ती ऐन उन्हाळ्यात, आणि हातात असा एक तपास असताना की ज्याच्यासाठी मुंबईचे बातमीदार आमच्या गावच्या लॉजवर मुक्कामाला येत होते.

नाव घेत नाही त्या प्रकरणाचं. साखर कारखान्याच्या राजकारणातून झालेला एका पुढाऱ्याचा खून, आणि आरोपींत दुसरा मोठा पुढारी, एवढं पुरे. अण्णा तपासी अधिकारी. त्या दिवसांत ते रात्री घरी येत ते अंगाला वितळलेल्या लाखेचा आणि मेणबत्तीच्या धुराचा वास घेऊन. दिवसभर मुद्देमालाच्या पुड्या सुतळीने बांधून त्यांवर सील मारलेलं असे. आई झाकून ठेवलेलं पिठलं पुन्हा गरम करी, लसणीचा वास त्या लाखेच्या वासात मिसळे, आणि भाकरी मोडणाऱ्या त्यांच्या बोटांना कार्बनची निळाई तशीच असे, साबणाला न जुमानणारी. बाहेर पोलीस लाईनीत कुणाच्या तरी वायरलेसची खरखर, ओट्यावर काढून ठेवलेले बूट, आणि जेवण झाल्यावर सुपारी कातरत आतल्या आत चाललेली दिवसाची उजळणी. अजूनही कुठे पोस्टाच्या पार्सलावर लाख तापवताना दिसली की मला भूक लागते; हसू नका, खरंच लागते.

केस डायरी लिहिणं हे त्यांचं संध्याकाळच्या दिव्यासारखं होतं; चुकवायचं नाही. खबर किती वाजता मिळाली, तपास किती वाजता सुरू केला, किती वाजता थांबवला, कुठे कुठे गेलो, काय आढळलं. फौजदारी संहितेचं ते १७२ कलम. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, कलमाचा आकडा बदलला, डायरी मात्र तीच. अण्णा सांगत आणि त्यांचे रायटर काका लिहीत, पण डायरीचं पान अण्णांच्याच हातचं, उजवीकडे झुकलेल्या, वेलांटीला उगाच लांब शेपूट देणाऱ्या अक्षरात. पंचनाम्याची सवय तर इतकी अंगात भिनलेली, की माझ्या लग्नाचा मांडव पडला तेव्हा हात पाठीमागे बांधून ते त्याच्याभोवती फिरले आणि पुटपुटले, “पूर्वेस विहीर, पश्चिमेस गोठा, दक्षिणेस आचाऱ्याची चूल, उत्तरेस वाजंत्री.” आई म्हणाली, “अहो, मुलीचं लग्न आहे, गुन्ह्याची जागा नाही ही.” तेव्हा कुठे हसले.

चार्ज दिला तो दिवस आठवतो. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, भाषणं, वेफर्स आणि बर्फी. पण त्याआधी सकाळी, खोलीचा पंखा बंद ठेवून, कारण कागद उडतात, त्यांनी आणि नव्या साहेबांनी यादी पुढ्यात घेऊन एकेक वस्तू ताब्यात दिली-घेतली: कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, त्या गुन्ह्याचे कागद पान क्रमांकांसह. यादीखाली दोघांच्या सह्या झाल्या. यादीत जे होतं ते सगळं त्यांनी सोपवलं, एक टाचणी घरी आणली नाही.

पण यादीत कसं यावं सगळं? एक हॉटेलवाला होता साक्षीदारांत. चौकातलं हॉटेल, पुढे भज्यांची कढई. तो अण्णांपुढे घडाघडा बोलला, फक्त एका नावापाशी आला की गल्ला उघडून चिल्लर मोजायला लागे. मोजून झाली की पुन्हा बोले, पुन्हा ते नाव जवळ आलं की पुन्हा चिल्लर. अण्णांनी ते कधी हटकलं नाही. भजी मागवत, कढईतल्या तेलाची चरचर ऐकत बसून राहत, आणि तो आपणहून त्या नावापर्यंत येईतो थांबत. जबाबात उतरलं ते फक्त नाव. चिल्लर उतरली नाही, कारण जबाब म्हणजे माणूस जे बोलला ते. आणि पोलिसांपुढच्या त्या जबाबावर साक्षीदाराची सहीसुद्धा घ्यायची नसते, असा कायदाच आहे. नव्या साहेबांनी तो कागद वाचला. कागदात काहीच उणं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, तपास अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती देऊन निघणं हे काय एकट्या अण्णांचं आहे? नाहीच. चारा घोटाळ्याचा तपास चालवणारे सीबीआयचे उपेन बिस्वास २००२ मध्ये निवृत्त झाले, आणि लालूप्रसादांना चाईबासा कोषागाराच्या खटल्यात दोषी ठरवलं गेलं ते ३० सप्टेंबर २०१३ ला. रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्रांवर समस्तीपूरच्या स्थानकात बॉम्ब पडला जानेवारी १९७५ मध्ये, निकाल लागला डिसेंबर २०१४ मध्ये. त्या काळात वीसहून अधिक न्यायाधीश बदलले, मग तपासाचे हात किती बदलले असतील. आणि हेमंत करकरे. २७ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी टीव्हीवर कामा हॉस्पिटलच्या बाजूची ती गल्ली दिसत होती, करकरे, कामटे, साळसकर ही नावं पुन्हा पुन्हा येत होती, आणि निवृत्त झालेल्या आमच्या अण्णांनी त्या दिवशी दाढी केली नाही. मालेगावच्या स्फोटाचा तपास तेव्हा करकऱ्यांच्या एटीएसकडे होता. स्फोटाला दोन महिनेही झाले नव्हते. त्यांच्यामागे आरोपपत्र दाखल झालं, २०११ मध्ये तपास एनआयएकडे गेला, खटल्याची सुनावणी सुरू झाली २०१८ मध्ये, आणि ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. हयात असते तरी २०१४ च्या डिसेंबरअखेर ते निवृत्त झालेच असते, पहिल्या साक्षीदाराच्या कितीतरी आधी. चंद्रपूरला असताना हा माणूस जंगलातली वाळकी लाकडं गोळा करून त्यांतून शिल्पं घडवायचा, हे वाचलं तेव्हा मला त्यांची न आलेली निवृत्तीच डोळ्यांपुढे आली: अंगणात पडलेला भुसा, पटाशी, लाकडाचा तो कोरडा गोडसर वास, आणि कुणीतरी दारात येऊन समन्स देतंय.

अण्णांची निवृत्ती आली, आणि समन्सची वाट पाहण्यात गेली. तपासी अधिकाऱ्याची साक्ष बहुधा शेवटी होते, हे त्यांना पाठ होतं, म्हणून घाई नव्हती. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली खाकी ते पाडव्याला ऊन दाखवायला काढत. बक्कल ब्रासोने घासत आणि पुन्हा ठेवून देत. पेपरात तारीख पडल्याची दोन ओळींची बातमी आली की चष्मा पुसून ती दोनदा वाचत. खटला उभा राहिला तेव्हा ते नव्हते.

मग रायटर काकांना साक्षीला बोलावलं. मी मागच्या बाकावर बसले होते. कोर्टात वकिलांच्या कोटांचा घामट वास, टंकलेखकाची टकटक, बाहेर झेरॉक्सवाल्याचा पुकारा. हॉटेलवाला आधीच फितूर झाला होता. आपण असं काही बोललोच नाही म्हणाला, आणि त्याच्यापुढे तेव्हा गल्ला नव्हता. काकांच्या हाती एकेक कागद देण्यात आला. “हे अक्षर कोणाचं?” “साहेबांचं.” “कशावरून ओळखता?” काकांनी बोट ठेवलं एका वेलांटीवर. “वर्षानुवर्षं यांच्या हाताखाली लिहिलंय, सर. ही वेलांटी दुसऱ्या कुणाची नाही.” उलटतपासात विचारलं गेलं, कागदात काय लिहिलंय ते खरं की खोटं, हे तुम्हाला स्वतःला माहीत आहे का? काका म्हणाले, “नाही. अक्षर माहीत आहे.”

कोर्टाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर उत्तर होतं, आणि न्यायाधीशांनी तसंच टिपून घेतलं. निकालपत्रात अण्णांचा उल्लेख एकदाच आहे, ‘मयत तपासी अधिकारी’ असा. खटला कागदांवर चालला आणि कागदांवर तो चालायलाच हवा, नाहीतर साध्या माणसाचं काही खरं नाही. स्वतः अण्णांनीही हेच सांगितलं असतं. मला कोर्टाकडे काही मागायचं नाही. मी आपली तुम्हाला एवढंच सांगते आहे की त्या कागदांमागे भज्यांच्या कढईशी बसून, दुसऱ्याच्या भीतीला वेळ देणारा एक माणूस होता, आणि तो गुरुजींनी लिहिलेल्या तारखेला घरी आला.