ग्वामहून मराठी

पेणच्या गणपती कारखान्यांत रेडिओला सुट्टी नसते. हात शाडूने नाहीतर रंगाने भरलेले, मान मूर्तीवर वाकलेली. मोकळे राहतात ते कान. आमच्या कारखान्यात रंगाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर मर्फीचा रेडिओ असे. दिवसभर विविध भारती, संध्याकाळी मुंबई केंद्राच्या बातम्या. श्रावण लागून रात्रपाळ्या सुरू झाल्या की तो माझ्या ताब्यात यायचा. कौलांवरून शेवग्याच्या झाडापर्यंत तांब्याची तार मी ओढली होती, आणि शॉर्ट वेव्हवर काटा फिरवत बसणे हा माझा नाद होता.

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. चिनी, रशियन, अरबी आवाजांच्या गर्दीत एके रात्री स्वच्छ मराठी लागले. कुणी बायबलमधला उतारा सावकाश वाचत होते, मग एक गाणे, मग तंबाखू सोडण्याविषयी चार समजुतीच्या गोष्टी. आवाज लाटेसारखा चढायचा, ओसरायचा. शेवटी पुण्याचा पत्ता सांगितला. मला वाटले, पुण्याहूनच बोलताहेत. बाबा तेव्हा एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. आखणीच्या वेळी कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नाही. कारागिरांपैकी एकाने हळूच विचारले, "बदलू का?" बाबांनी मान वर न करता सांगितले, "असू दे. देवाचंच बोलतोय तो."

ते केंद्र होते अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने 1971 मध्ये पोर्तुगालमधली प्रक्षेपणयंत्रे भाड्याने घेऊन ते सुरू केले आणि 1987 मध्ये प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर स्वतःचे शॉर्ट वेव्ह केंद्र उभारले. कार्यक्रम पुण्यात मराठी माणसे ध्वनिमुद्रित करत, प्रक्षेपण मात्र ग्वामहून होई. पेणहून ग्वाम साडेसात हजार किलोमीटरहून अधिक दूर. आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असताना तिथे मध्यरात्र उलटून दीड वाजलेला. पुण्यात उच्चारलेला शब्द सह्याद्री ओलांडून पेणला यायचा तर तो आधी महासागरात जाऊन, आकाशातल्या आयनांबरावर आपटत परत फिरत होता.

हा वळसा हौसेचा नव्हता. 1885 च्या तार कायद्याने बिनतारी संदेशांवर सरकारचा एकाधिकार होता. स्वतःचे केंद्र काढणे कोणत्याही संस्थेला शक्य नव्हते. रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले. पुढे खासगी एफएम केंद्रे आली, पण धर्मसंस्थांना ती न देण्याची अट सरकारने ठेवली. दंगलींची धग पाहिलेल्या देशात ही सावधगिरी मला पटते. पण आमच्या रेडिओवर पाण्यापलीकडून येणाऱ्या त्या आवाजाने कुणाची माथी भडकवल्याचे मी कधी ऐकले नाही. तो आवाज पत्र लिहा म्हणायचा, बस.

मी पत्र लिहिले. आवाज किती स्पष्ट होता, कुठल्या वेळी खरखर आली, कोणते केंद्र आड आले, सगळे मराठीत. उत्तरादाखल रंगीत कार्ड आले. अमुक दिवशी, अमुक लहरीवर तुम्ही आम्हालाच ऐकलेत, अशी त्यावर नोंद. या छंदातली माणसे त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. पोस्टमनने ते आधी सगळ्या आळीला दाखवले.

हा पंथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत विश्रांतिवार पाळतो, हे मला त्या कार्यक्रमांतून कळले. पेणच्या माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. आमच्याकडचे बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत. कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनिवार तेलीच म्हणत. पेणमधले त्यांचे प्रार्थनास्थळ 1863 चे. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत मिशिगनमध्ये अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची रीतसर स्थापना झाली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, तरी ही जुळणी मला फार आवडते.

आकाशवाणीआधी धर्माचा आवाज कसा पोचत होता, हे मला रोह्याने शिकवले. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि मी रोह्याला राहायला गेलो. कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी. एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएलांसाठी मराठीत कीर्तने रचणारे बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्या आडनावात हेच गाव आहे. हिब्रू धर्मकथा, पण मांडणी आपल्या हरिदासांची, पूर्वरंग-उत्तररंगाची. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती कीर्तने, भजने केली ती याच वाटेने. त्याहीआधी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ओवीत क्रिस्तपुराण लिहिले. ते 1616 मध्ये छापले गेले. माणसापर्यंत पोचायचे तर त्याच्या भाषेत आणि त्याच्या चालीत बोलावे लागते, हे या सगळ्यांना कळले होते. पुण्यात ध्वनिक्षेपकासमोर बसणारी ती अनाम माणसे मला त्यांच्याच घराण्यातली वाटतात.

रोह्यातच 1920 मध्ये पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवाराकडे रेडिओ केंद्र नव्हते; परिवाराने शास्त्रीजींची प्रवचने व्हिडिओ कॅसेटवर घेतली आणि गावोगाव दाखवली. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत टीव्हीसमोर चटया टाकून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. कायद्याने लहरी दिल्या नाहीत, तेव्हा एकाने समुद्रापलीकडचे बेट गाठले, दुसऱ्याने एसटीच्या पिशवीतून कॅसेट नेली. दोघांच्याही चिकाटीला माझा नमस्कार आहे.

रेडिओवरून दूरदेशी धर्म पोचवण्याची जगातली ठळक सुरुवात 1931 ची. त्या फेब्रुवारीत स्वतः मार्कोनींनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून अकरावे पायस पोप बोलले, आणि नाताळच्या दिवशी इक्वेडोरमधल्या क्विटोहून प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचे एक छोटेसे केंद्र सुरू झाले. पुढे सेशल्स बेटांवर फेबा, फिलिपीन्समध्ये रेडिओ व्हेरितास एशिया ही ख्रिस्ती केंद्रे आली. फेबाने सेशल्सचे केंद्र 2003 मध्ये बंद केले, व्हेरितासने शॉर्ट वेव्ह 2018 मध्ये सोडली. मोबाइल आला, आणि विजेचा एवढा खर्च करून लहरी आकाशात सोडायचे कारण अनेकांना उरले नाही. पण मोबाइलवर आपण शोधू तेच आपल्याला मिळते. परक्या धर्माचे मराठी वाचन आखणीच्या रात्री आपणहून कारखान्यात येऊन बसले, ते मोबाइलवर घडले नसते. बाबांनी त्या दिवसानंतर कुणाला केंद्र बदलू दिले नाही, आणि भाद्रपदासाठी गणपतीही तेवढ्याच भक्तीने घडवले. ऐकल्याने त्यांचे काही कमी झाले नाही.

रोह्याला असताना मी टेपरेकॉर्डरवर ग्वामहून येणारे बरेच मराठी कार्यक्रम उतरवून घेतले होते. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले आणि त्या कॅसेट गेल्या. वरच्या फळीवरची कार्डे तेवढी वाचली. तेव्हापासून एक गोष्ट मला सलते. क्रिस्तपुराण आपण वाचू शकतो, 1842 पासूनचे ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक अभ्यासकांना चाळता येते, बेने इस्राएलांच्या कीर्तनांवर लेखन होते. त्याच परंपरेतली ही रेडिओवर बोललेली मराठी मात्र कुठल्या ग्रंथालयात मला ऐकायला मिळालेली नाही. आपला धर्म कोणताही असो, ती मराठी आपलीच आहे. पुण्यात कुणी ती लिहिली, कुणी वाचली, खेड्यापाड्यांतून कुणी कुणी पत्रे पाठवली, हा आपल्या भाषेचा इतिहास आहे.

म्हणून सांगतो. तुमच्या माळ्यावर अशा कॅसेट, कार्डे, केंद्राकडून आलेली पत्रे असतील तर रद्दीत घालू नका. तुमच्या घरात कुणी त्या कार्यक्रमांत बोलले, गायले असेल तर त्यांच्याकडून आठवणी लिहून घ्या. कॅसेट संगणकावर उतरवून त्यांची एक प्रत गावच्या वाचनालयाला द्या, एक जवळच्या विद्यापीठाला. कोकणातल्या ओलीत फिती लवकर चिकटतात. हे काम पाऊस सुरू होण्याआधी करा.